धाकटीचे केस, पिवळ्यापासून चॉकलेटीपर्यंत: माझ्या रजिस्टरातल्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार, सोलापूर

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी धाकटी बहीण काल रात्री हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून आली. घरात शिरल्या शिरल्या डोक्यावरची ओढणी काढली आणि म्हणाली, "ताई, आता तूच बघ. मी परत पार्लरची पायरी चढणार नाही."

मी टॉवेलच्या कारखान्यात डाइंग लॅबमध्ये शेड मॅचिंग करते, तेरा वर्षं झाली. कापडाचा रंग बिघडला की नीट करायचा हे माझं रोजचं काम. केसाला मात्र आजवर मेंदीशिवाय हात लावलेला नाही. कापूस वेगळा, केस वेगळा. केस हा लोकरीच्या जातीचा, प्रोटीनचा धागा. म्हणून तिला आधीच सांगितलं, आज-उद्या काही होणार नाही. आधी नमुने करीन, मग डोक्याला हात लावीन. ती हो म्हणाली, पण डोळे भरून आले होते तिचे.

काय झालं ते तिच्याकडून नीट ऐकून घेतलं. ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका पार्लरमध्ये ब्लीच करून केस फिके सोनेरी करून घेतले. रंग आवडला होता तिला, अजूनही आवडतो म्हणते. पण दर दीड महिन्याला मुळांचा खर्च झेपेना आणि टोकं तुटायला लागली. म्हणून डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका पार्लरमध्ये गेली, की परत गडद करून द्या. त्यांनी फिक्या केसांवर थेट अ‍ॅश ब्राऊन, ५.१ नंबरचा, लावला. त्या दिवशी छान दिसलं. आठवड्यात राखाडी-हिरवट झालं आणि तीन आठवड्यांत बहुतेक धुऊन गेलं. पैसे घेतले ते घेतलेच, वर "तुमचे केसच रंग धरत नाहीत" असं ऐकवलं. या वाक्याचा मला राग आला. धागा रंग धरत नाही असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ऑर्डर जाईल. का धरत नाही ते शोधणं हेच तर काम.

दुपारी गच्चीवर उजेडात बसवून बट बट बघितली. मुळाशी अडीच इंच तिचे स्वतःचे काळे केस. महिन्याला साधारण अर्धा इंच वाढ, म्हणजे पाच महिन्यांचा हिशोब बरोबर जुळतो. त्याखाली दीड-दोन इंचांचा नारिंगीकडे झुकणारा पट्टा, तिथे ब्लीच पुरतं लागलेलं नाही. मग मधला मोठा भाग केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा. शेवटचे तीन-चार इंच धड पिवळेही नाहीत, खाकी. एकूण लांबी १८ इंच.

मधला एक केस भिजवून हळूच ताणला तर लांबला आणि सोडल्यावर परत आला. टोकाचा केस लांबला तो तसाच राहिला, च्युइंगगमसारखा, आणि मग तुटला. टोकं कापावीच लागणार.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी टोकं कापली, दोन इंच. कापलेले केस टाकले नाहीत. दोऱ्याने बांधून त्यांच्या छोट्या छोट्या जुड्या केल्या, चौदा झाल्या. हेच माझे लॅब डिपचे, म्हणजे आधी रंगवून बघायचे, नमुने.

काल संध्याकाळी नवी पेठेतल्या होलसेल दुकानातून ट्यूबा आणल्या. सगळ्या एकाच कंपनीच्या, प्रत्येकी ६० ग्रॅम, अमोनिया नसलेल्या डेमी-परमनंट, म्हणजे हळूहळू धुऊन जाणाऱ्या: ७.३, ७.४, ६.० दोन, ५.० आणि ५.१. सोबत त्याच कंपनीचा १.८ टक्क्यांचा डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड.

हे नंबर दुकानात समजून घेतले. पॉइंटच्या आधीचा आकडा म्हणजे किती गडद: १ काळा, १० अगदी फिका सोनेरी. पॉइंटनंतरचा आकडा म्हणजे झाक. या कंपनीत .० नैसर्गिक, .१ अ‍ॅश, .३ सोनेरी, .४ तांबूस. सगळ्या कंपन्यांत मात्र हे सारखं नसतं. वेलाच्या ट्यूबवर /७ म्हणजे ब्राऊन आणि लॉरिआलच्या ट्यूबवर .७ म्हणजे हिरवट मॅट. एकीचं शेडकार्ड बघून दुसरीची ट्यूब आणली तर चॉकलेटीच्या जागी हिरवं यायचं. आमच्याकडेही दोन कंपन्यांचे "रेड" कधी सारखे नसतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

डेव्हलपर मुद्दाम हलका घेतला. दुकानदार ६ टक्क्यांचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा, देत होता. पण त्याने तिची काळी मुळं थोडी उघडली असती आणि मुळांशी लालसर कडा आली असती. मला काहीही फिकं करायचं नाही, फक्त भरायचं आहे.

तिच्या कानामागे ट्यूबच्या कागदात दिल्याप्रमाणे थोडा रंग लावून ठेवला, ४८ तास बघायला. आई म्हणाली, "एवढ्याशाला दोन दिवस?" हो, दोन दिवस. या रंगांत असणाऱ्या पीपीडी या द्रव्याने आणि त्याच्या नात्यातल्या द्रव्यांनी ज्यांना अ‍ॅलर्जी येते त्यांचा चेहरा सुजतो, आणि ती एकदा आली की जन्मभर राहते. काळ्या मेंदीच्या पुड्यांमध्येही हेच असतं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

कानामागे खाज नाही, लाली नाही. पुढे जायला हरकत नाही. धाकटी उद्या पुण्याला परत जाईल, मला अडीच आठवडे मिळतील.

काल अक्षता सोहळ्याला ती डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. दरवर्षी नंदीध्वज आले की पुढे घुसणारी पोरगी, काल माझ्या मागे उभी. इथे लिहून ठेवते, म्हणजे हे काम का करते आहे ते मला कंटाळा आला की आठवेल.

१८ जानेवारी, शनिवार

आधी विचार मांडते, मग नमुने.

आमच्याकडे चॉकलेटी टॉवेल करायचा तर पिवळा, लाल आणि निळा असे तीन डाय मोजून घेतो. पिवळा-लाल जास्त, निळा थोडा. तिन्हींपैकी एक जरी कमी पडला तरी चॉकलेटी मरतो: लाल कमी पडला तर मेंदी-हिरवा, निळा कमी पडला तर विटकरी.

केसाचंही तेच आहे. काळ्या केसातून ब्लीच आधी गडदपणा काढतं, मग लाल, मग नारिंगी, आणि शेवटी उरतो तो फिका पिवळा. लेव्हल १० च्या, म्हणजे अगदी फिक्या सोनेरी, केसात लाल शिल्लकच नसतो. त्यावर ५.१ लावला, म्हणजे अ‍ॅश, म्हणजे निळसर. पिवळ्यात निळा घातला. शाळेतलं पोरगंही सांगेल काय होणार. त्या पार्लरवाल्यांनी गडद रंग लावला खरा, पण ब्लीचने जे काढून नेलं होतं ते परत घातलंच नाही. मधला लाल आधी भरायचा, मग वरून ब्राऊन, हा माझा अंदाज. यालाच धंद्यात फिलर म्हणतात, असं दुकानदाराकडून कळलं.

आता नमुने. प्रत्येक जुडी वजन करून, १ भाग रंग आणि दीड भाग डेव्हलपर, २० मिनिटं, कोमट पाण्याने धुऊन, वाळवून.

पहिली जुडी ५.१ नुसता. मुद्दाम केली, चूक डोळ्यांनी बघायची होती. ओली असताना काळपट दिसली, वाळल्यावर ओल्या भिंतीवरच्या शेवाळाचा रंग. अगदी तोच, डिसेंबरचा.

दुसरी ५.० नुसता. ही फसवी आहे. वाळल्यावर बरीच चांगली दिसते, फक्त रंगात जीव नाही. आपण खपली काढून आत बघितलं आणि आत काही नाही, असं वाटतं. हिचं खरं रूप धुतल्यावर कळेल.

तिसरी आधी ७.४, धुऊन, टिपून, मग ५.०. पहिल्या पायरीनंतर गाजरासारखी भगवी. दुसऱ्या पायरीनंतर गडद, लालसर कॉफी. रंग भरीव आहे, पण आम्हाला हवा त्यापेक्षा गडद.

चौथी आधी ७.४ दोन भाग आणि ७.३ एक भाग, मग ६.०. ही बघून मी खुर्चीतून उठले आणि खिडकीशी गेले. शेंगा भाजल्यावर वरचं साल जसं दिसतं तसा चॉकलेटी, आतून ऊब असलेला. ट्यूबवर ६ लिहिलंय तरी आला ५ इतका गडद, कारण ब्लीचने पोकळ झालेला केस रंग जास्त ओढतो. म्हणून हव्या त्यापेक्षा एक घर फिका नंबर घ्यायचा.

पाचवीत सगळं एकाच वाटीत: ६.० दोन भाग, ७.४ एक भाग, एकच पायरी. वेळ वाचतो. दिसायला चौथीच्या जवळ, थोडी सपाट.

१९ जानेवारी, रविवार

काकू आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, एवढी रसायनं कशाला, मेंदी लाव, वर नीळ लाव. काकूंनी आयुष्यभर मेंदी लावली आहे आणि केस आजही दाट आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द टाळावासा वाटेना. शिवाय मेंदी म्हणजे नारिंगी-लाल रंगच, मग तीच फिलर का नको? दोन जुड्या त्यांच्यासमोर केल्या.

नुसती मेंदी तीन तास: झेंडूच्या पाकळीसारखी झगझगीत. दुसरीत मेंदी आणि नीळ, म्हणजे इंडिगोची पूड, एकत्र कालवून लावली: काळ्या केसांवर यातून छान काळपट ब्राऊन येतो, इथे दोन तासांनी हिरवट छटा आली. मेंदी आधी पूर्ण चढवून, धुऊन, मग इंडिगो लावली तर जमेल कदाचित. पण मेंदी केसात पक्की बसते, बिघडली तर काढता येत नाही, आणि बाजारातल्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, त्यांवर पुढे कधी पेरॉक्साइड पडलं तर केस तापून जळू शकतो. काकूंना दोन्ही जुड्या हातात दिल्या. त्यांनी बराच वेळ बघितल्या आणि म्हणाल्या, "काळ्या केसाची गोष्ट वेगळी गं." बरोबर. मेंदीत दोष नाही, केस बदललेला आहे.

लॅबमधल्या एकाने सुचवलं की खाकी भाग थोड्या हायड्रोने उडवून घे. टॉवेलचा बिघडलेला रंग आम्ही त्याने उडवतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, कारखान्यातलं एकही द्रव्य माझ्या बहिणीच्या डोक्याला लागणार नाही. कोणी माझ्यासारखं डाइंगमधलं वाचत असेल तर त्यालाही हेच सांगणं.

२६ जानेवारी, रविवार

आठवडाभरात सगळ्या जुड्या दहा वेळा शाम्पूने धुतल्या. काचेच्या बरणीत कोमट पाणी, दोन थेंब शाम्पू, पाच मिनिटं हलवायचं. नंतर न धुतलेल्या तुकड्याशेजारी ठेवून ग्रे स्केलवर, म्हणजे रंग किती उतरला ते मोजायच्या राखाडी पट्टीवर, बघितलं. ५ म्हणजे फरक नाही, १ म्हणजे रंग गेला.

५.० नुसता: २. खाकी, अगदी निर्जीव. पार्लरवाल्यांचं "रंग धरत नाही" ते हेच. फिलरवर ६.०: ४. एकाच वाटीतला: ३.

दोन पायऱ्यांचंच काम करायचं. तासभर जास्त जाईल, जाऊ दे.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस. सगळं जसं झालं तसं लिहिते.

धाकटीने काल क्लॅरिफाइंग शाम्पूने केस धुतले, कंडिशनर लावला नाही. पुण्यात तिच्या सोसायटीत टँकरचं पाणी, इथे आमची बोअर. दोन्ही जड. पाण्यातले क्षार केसावर बसले की रंग डागाडागाने चढतो. कारखान्यात आम्ही सॉफ्ट पाण्याशिवाय बॅच लावत नाही, म्हणून आज धुण्यासाठी फिल्टरच्या पाण्याच्या चार बादल्या भरून ठेवल्या होत्या. आईला हे पटलं नाही, पण ती भरू लागली.

प्लॅस्टिकच्या वाट्या, ब्रश, हातमोजे, स्वयंपाकघरातला वजनकाटा, घड्याळ. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन. काळ्या मुळांना आज हातच लावायचा नाही, त्यामुळे टाळूला रंग लागायचा प्रश्न नाही. केसांचे चार भाग करून चिमटे लावले.

पहिली वाटी, फिलर: ७.४ चाळीस ग्रॅम, ७.३ वीस ग्रॅम, डेव्हलपर नव्वद ग्रॅम. सकाळी १०:४० ला मागच्या खालच्या भागापासून सुरुवात. नारिंगी पट्ट्याला फिलर लावला नाही, त्याच्यात त्याचा स्वतःचा नारिंगी आहे. फिक्या पिवळ्या भागापासून खाली. टोकांना सगळ्यात शेवटी, कारण ती पटकन ओढतात. लावायलाच पंचवीस मिनिटं गेली, माझ्या अंदाजाच्या दुप्पट.

दर पाच मिनिटांनी एक बट टिश्यूने पुसून बघत होते. सुरुवातीला फिक्या आमरसासारखी, मग पिकलेल्या पपईसारखी. वरच्या ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात तो रंग फारच भडक दिसतो. धाकटीने मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. आई दारातून म्हणाली, "अगं, हे काय केलंस तिचं!" मी जुडी क्रमांक चार ड्रॉवरमधून काढून दोघींना दाखवली. हीपण मधे अशीच भगवी होती, हा टप्पा असाच दिसतो. हे सांगताना माझा आवाज स्थिर होता. छातीत मात्र धडधडत होतं. जुडी अर्ध्या ग्रॅमची, आणि हे डोकं.

११:२५ ला धुतलं. शाम्पू नाही, नुसतं कोमट पाणी. टॉवेलने टिपून ओलसर ठेवले. टॉवेल आमच्याच कारखान्याचा, सेकंडचा माल, गडद चॉकलेटी, डाग पडले तरी चालतील असा.

दुसरी पायरी, ६.०. एकूण ८० ग्रॅम रंग आणि १२० ग्रॅम डेव्हलपर ठरवले होते, पण एकदम कालवले नाहीत. कालवल्यापासून रंग हवेत पिकायला लागतो, अर्ध्या तासाने उरलेली वाटी कामाची राहत नाही. म्हणून ४० आणि ६० ची एक वाटी, ती संपल्यावर तशीच दुसरी. या वेळी नारिंगी पट्टाही घेतला, काळ्या मुळाच्या रेषेवर ब्रश टेकवून खाली ओढायचा, म्हणजे दोन रंगांत कड दिसत नाही. ही गोष्ट हाताला जमायला अर्धं डोकं संपलं. उजवी बाजू डावीपेक्षा चांगली आली आहे.

११:४० ला सुरू, १२:०५ ला लावून संपलं, तिथून २० मिनिटं. पुसून बघितलं तर भगवा आत दबत जाताना दिसतो: आधी विटेसारखा, मग दालचिनीसारखा, आणि सतराव्या मिनिटाच्या सुमारास एकदम चॉकलेटी. ते बघताना मला लॅबमधली पहिली बरोबर आलेली शेड आठवली.

धुतलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग रंगवलेल्या केसांसाठीचा आम्लधर्मी कंडिशनर दहा मिनिटं. तीन दिवस शाम्पू नाही.

वाळवल्यावर ती बराच वेळ आरशासमोर उभी होती. मग केस मोकळेच ठेवून खाली दूध आणायला गेली. ओढणी दाराच्या खुंटीवर तशीच होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ७ वाजता, ती निघायच्या आधी, गच्चीवर परत बघितलं. दिवसाच्या उजेडात खोटं टिकत नाही.

टोकं अगदी जुडी चारसारखी, उत्तम. नारिंगी पट्टा चांगला. मधला मोठा भाग मात्र एक घर फिका आणि तांबूस. वाईट नाही, पण जुडीसारखा नाही.

चूक कुठे झाली ते लगेच कळलं, आणि ती माझी आहे. सगळे नमुने मी कापलेल्या टोकांवर केले. टोकं सगळ्यात पोकळ, त्यांनी ६.० ओढून ५ इतका गडद केला. मधला केस त्यापेक्षा धड आहे, त्याने ६.० ला ६ च दाखवला. एका लॉटचा नमुना घेऊन दुसऱ्या लॉटवर शेड द्यायची नाही, हे मी नव्या मुलींना शिकवते, आणि इथे एकाच केसाचे दोन टोकांचे दोन लॉट आहेत हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आज काही करायचं नाही. केसांना तीन आठवडे विश्रांती. जाताना कानामागच्या मधल्या भागातून बारीक जुडीएवढे केस कापून घेतले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीचे फोटो येतात. पहिल्या फोटोंत रोज वेगळा रंग दिसत होता, कारण कधी बाथरूमचा पिवळा दिवा, कधी ऑफिसच्या ट्यूबलाइट. आता नेम ठरवला: सकाळी १० वाजता, उत्तरेच्या खिडकीशी, केसांशेजारी पांढरा कागद धरून. चार धुण्यांत टोकं जरा सैल पडलीत, मधला भाग तसाच तांबूस.

शाम्पू आठवड्यातून दोनदाच, कोमट पाण्याने, शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. पाळते आहे.

इकडे मधल्या भागाच्या जुडीवर दोन नमुने केले. ५.० नुसता: गडद झाला पण तांबूस झाक तशीच. ५.० तीन भाग आणि ५.१ एक भाग, दहा मिनिटं: हा रंग. तीच ५.१ ची ट्यूब, जी जानेवारीत शेवाळासारखी आली होती. आता आत पिवळा आहे, लाल आहे, तेव्हा थोडा निळा पडला की चॉकलेटी होतो. रंग वाईट नव्हताच, त्याची पाळी यायच्या आधी लावला गेला होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं काम, छोटं. ५.० तीस ग्रॅम, ५.१ दहा ग्रॅम, डेव्हलपर साठ ग्रॅम. फक्त मधला भाग. टोकांना आधी कंडिशनर चोपडून ठेवला, म्हणजे धुताना वाहणारा रंग ती ओढणार नाहीत. लावायला बारा मिनिटं, मग दहा मिनिटं. आठव्या मिनिटाला पुसून बघितलं तेव्हाच जवळ आलं होतं, पण जुडीवर दहा ठरवलं होतं म्हणून दहा.

उन्हात बघितलं. मुळाच्या काळ्यातून चॉकलेटीत कुठे शिरतो ते बोटाने भांग पाडल्याशिवाय कळत नाही. डाव्या बाजूची २ तारखेची कड अजून थोडी दिसते, मला दिसते, बाकी कोणाला नाही.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

फोन करून बजावलं: खेळायचं तर आधी खोबरेल तेल, वर घट्ट वेणी, वर रुमाल. ब्लीच झालेला केस आत पोकळच आहे, वरून ब्राऊन असला तरी. हिरवा-गुलाबी रंग त्यात शिरला तर चार चार महिने निघत नाही. म्हणाली, "ताई, कोरड्या रंगाने खेळते फक्त." तरी तेल लाव म्हटलं.

२३ मार्च, रविवार, सोलापूर

ती आली आहे. दुसऱ्या कामानंतर आठ धुणी झाली. धुळवडीचा डाग कुठेही नाही.

ग्रे स्केलवर मधला भाग ४, टोकं ३. टोकं जातच राहणार, त्यांच्यात रंग धरून ठेवायला फार काही उरलेलं नाही. दर दोन महिन्यांनी इंच-दीड इंच कापत गेलो तर दीड-दोन वर्षांत बहुतेक सगळे केस तिचे स्वतःचे होतील.

पुढची तारीख एप्रिलच्या शेवटी. तेव्हा फिलर लागणार नाही, आतला लाल अजून आहे. टोकांना ६.० वीस ग्रॅम, डेव्हलपर तीस ग्रॅम, दहा मिनिटं, बस. ७.४ उरली आहे वीस ग्रॅम, पण उघडलेल्या ट्यूबच्या तोंडाशी रंग काळवंडलेला आहे, ती वापरणार नाही, फेकली. ६.० ची नवी ट्यूब आणायची, आणि कानामागे परत ४८ तास.

जुडी क्रमांक चार आणि १५ फेब्रुवारीची जुडी या पानावर चिकटवल्या आहेत. शेजारी धाकटीने आज स्वतःच्या हाताने कापून दिलेली तिसरी.